वाचकांचे प्रश्न : पहिला एलईडी, विहिरीवरचा पंप आणि पावसाळ्यात रुसणारे सर्किट

हौशी इलेक्ट्रॉनिक्स आणि मायक्रोकंट्रोलर (दिलेल्या प्रोग्रामप्रमाणे काम करणारी छोटी चिप) या विषयावर किनारपट्टीतून आलेल्या पत्रांतले सात प्रश्न या अंकात घेतले आहेत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत. जिथे २३० व्होल्टशी संबंध येतो तिथले उत्तर मुद्दाम लांबवले आहे. ते शेवटपर्यंत वाचूनच कामाला हात घाला.

प्रश्न : माझा मुलगा आठवीत आहे. त्याला आर्डुइनो शिकायचे आहे. ऑनलाइन ‘३७ सेन्सरचा किट’ दिसतो, तो घेऊन द्यावा का? घरात विंडोज ७ चा जुना लॅपटॉप आहे, तो चालेल का? – एक पालक, गुहागर

उत्तर : तो किट आत्ता घेऊ नका. त्यातले बरेचसे सेन्सर डब्यातच पडून राहतात आणि रोज लागणारा मल्टिमीटर त्यात बहुधा नसतो. सुटे सामान घ्या. ऊनो आर३ जातीचा एक आर्डुइनो बोर्ड (म्हणजे मायक्रोकंट्रोलर बसवलेली पाटी; आराखडा खुला असल्यामुळे अनेक उत्पादक तो बनवतात, शिकायला स्वस्तातलाही चालतो), ८३० छिद्रांचा एक ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी), दोन्ही टोकांना पिन असलेल्या ४० जंपर वायर, ५ मिलिमीटरचे लाल आणि हिरवे एलईडी प्रत्येकी १०, पाव वॉटचे रेझिस्टर २२० ओहम, १ किलो-ओहम आणि १० किलो-ओहम प्रत्येकी २०, पाच टॅक्ट स्विच (छोटी दाबायची बटणे), १० किलो-ओहमचा एक पोटेन्शिओमीटर (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर), दोन एलडीआर (उजेडाप्रमाणे बदलणारे रेझिस्टर) आणि एक साधा डिजिटल मल्टिमीटर. हे सगळे साधारण हजार ते दीड हजारात बसते. मुंबईला कोणी जाणार असेल तर ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, पुण्याला जाणार असेल तर बुधवार पेठ. नाहीतर कुरियरने घरी येते. मल्टिमीटर मात्र ‘नंतर बघू’ म्हणून टाळू नका. तो नसेल तर मुलगा प्रत्येक बिघाडाचे खापर प्रोग्रामवर फोडेल, आणि खरे कारण बहुतेक वेळा सैल वायर किंवा न जोडलेला ग्राउंड (सर्किटची शून्य व्होल्टची बाजू) असते.

लॅपटॉप चालेल. आर्डुइनोच्या सॉफ्टवेअरची दुसरी पिढी विंडोज १० आणि ६४-बिट मागते, म्हणून जुन्या मशीनवर १.८.१९ ही आवृत्ती टाका. बोर्ड येईपर्यंत वोकवी किंवा टिंकरकॅड या संकेतस्थळांवर ब्राउझरमध्येच सर्किट जोडून प्रोग्राम चालवून बघता येतो.

बोर्ड आला की लगेच प्रोग्राम लिहायला बसवू नका. आधी त्याचा उपयोग फक्त ५ व्होल्टच्या सप्लायसारखा करा. ५ व्होल्टच्या पिनपासून २२० ओहमचा रेझिस्टर (लाल-लाल-तपकिरी), तिथून लाल एलईडीचा लांब पाय, आणि आखूड पायापासून ग्राउंड. दिवा लागला की मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवून एलईडीच्या दोन पायांमध्ये मोजा : १.८ ते २.१ च्या दरम्यान काहीतरी येईल. मग रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये : उरलेले सुमारे ३ व्होल्ट. ३ भागिले २२० म्हणजे जवळजवळ १४ मिलिअँपिअर. आता २२० च्या जागी १ किलो-ओहम लावा. प्रवाह ३ मिलिअँपिअरवर येतो, तरीही दिवा स्वच्छ दिसतो. एवढे स्वतःच्या हाताने मोजले की ओहमचा नियम पाठ करावा लागत नाही. ऊनोच्या एका पिनमधून २० मिलिअँपिअरपर्यंतच प्रवाह घ्यावा, ४० ही सहन करण्याची टोकाची मर्यादा. रेझिस्टरशिवाय एलईडी पिनला का जोडायचा नाही, हे त्याला या आकड्यांवरून आपोआप कळेल.

दोन ठिकाणी हमखास अडायला होते. ब्रेडबोर्डच्या कडेच्या लाल-निळ्या पट्ट्या काही बोर्डांत मध्यभागी तुटलेल्या असतात. छापलेली रेघ मध्ये खंडित दिसली तर तिथे छोटी वायर टाकून दोन्ही भाग जोडा. शंका असेल तर मल्टिमीटरच्या बीपवर तपासा. दुसरे, मल्टिमीटरची लाल वायर १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तशीच व्होल्ट मोजायला टेकवली, तर थेट शॉर्ट होतो. ती वायर व्होल्ट-ओहमच्या भोकातच ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

प्रश्न : सर, मी नववीत आहे. नॅनो बोर्डवर प्रोग्राम पाठवताना ‘प्रोग्रामर इज नॉट रिस्पॉन्डिंग’ असे दहा वेळा येते आणि थांबते. बोर्ड खराब आहे का? – एक विद्यार्थी, दापोली

उत्तर : बहुतेक नाही. सॉफ्टवेअरच्या टूल्स मेनूत प्रोसेसरच्या यादीत ‘एटीमेगा ३२८पी (ओल्ड बूटलोडर)’ असा पर्याय आहे, तो निवडून पुन्हा पाठव. स्वस्त नॅनो बोर्डांवर बऱ्याचदा जुना बूटलोडर (नवा प्रोग्राम आत घेणारा चिपमधला छोटा प्रोग्राम) असतो. तो नव्यापेक्षा कमी वेगाने बोलतो, म्हणून त्याची आणि सॉफ्टवेअरची गाठच पडत नाही.

तरी जमले नाही तर पिन ० आणि १ वर काही जोडले असेल ते काढ, कारण प्रोग्राम त्याच वाटेने आत जातो. एकाच पोर्टवर दुसरी खिडकी किंवा दुसरे सॉफ्टवेअर उघडे असेल तर बंद कर.

टूल्स मेनूत पोर्टच दिसत नसेल, तर ते वेगळे दुखणे. आधी केबल बदल. मोबाइल चार्जरबरोबर येणाऱ्या कित्येक केबलींत फक्त वीज नेणाऱ्या दोन तारा असतात, डेटाच्या नसतातच. बोर्डवरचा दिवा लागतो आणि पोर्ट मात्र येत नाही. ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर उतरवता येतात ती घे. केबल ठीक असेल तर डिव्हाइस मॅनेजर उघडून बोर्ड लाव-काढ. पिवळ्या त्रिकोणासह अनोळखी नाव दिसले, तर बोर्डवरच्या सीएच३४० या यूएसबी चिपचा ड्रायव्हर टाकायचा राहिला आहे. आणि तुमच्याकडे समुद्राची हवा आहे, म्हणून लॅपटॉपच्या यूएसबी भोकात टॉर्च मारून बघ. पट्ट्यांवर हिरवट थर दिसला तर दुसरे भोक वापर.

प्रश्न : बटण दाबले की दिवा लागावा असा प्रोग्राम आहे, पण बटणाला हात न लावताही दिवा आपोआप लागतो-विझतो. शिवाय दुसरा एक एलईडी लुकलुकत असताना बटण कधी घेते, कधी घेतच नाही. – अलिबाग

उत्तर : हे दोन वेगळे दोष आहेत.

पहिला असा : बटण उघडे असताना ती पिन कुठेच जोडलेली नसते आणि अँटेनासारखी आसपासचा विजेचा गोंगाट पकडते. बटणाचे एक टोक पिनला, दुसरे ग्राउंडला जोडा आणि पिनमोडमध्ये ‘इनपुट’ऐवजी ‘इनपुट पुलअप’ लिहा. चिपच्या आतलाच २० ते ५० किलो-ओहमचा रेझिस्टर पिनला वर ओढून धरतो. आता अर्थ उलटा होतो, दाबले की ‘लो’ आणि सोडले की ‘हाय’. तेवढा बदल अटीत करा. चार पायांच्या टॅक्ट स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून कायम जोडलेले असतात. नेमके कोणते ते आठवत नसेल तर समोरासमोरचे तिरके कोपरे घ्या, ते कधीही चुकत नाहीत.

दुसऱ्या दोषाचे कारण ‘डिले’ हे फंक्शन. ‘डिले १०००’ लिहिले की एक अख्खा सेकंद चिप दुसरे काहीच करत नाही, आणि बटण नेमके त्याच सेकंदात दाबले जाते. त्याऐवजी ‘मिलिस’ वापरा. बोर्ड सुरू झाल्यापासून किती मिलिसेकंद झाले ते हे फंक्शन सांगते. दिव्याची स्थिती शेवटची कधी बदलली ती वेळ एका व्हेरिएबलमध्ये ठेवा. लूपच्या प्रत्येक फेरीत ‘आत्ताची वेळ वजा ती वेळ’ १००० किंवा जास्त झाली का ते बघा आणि झाली असेल तरच दिवा बदला. ते व्हेरिएबल ‘अनसाइन्ड लाँग’ असायला हवे. साध्या ‘इंट’मध्ये ऊनोवर ३२,७६७ पेक्षा मोठा आकडा मावत नाही, म्हणजे जेमतेम ३२ सेकंदांनी गणित बिघडते. बटणाचे संपर्क दाबताना काही मिलिसेकंद उडत राहतात. एकदा बदल दिसला की पुढचे ५० मिलिसेकंद त्याकडे दुर्लक्ष करा.

प्रश्न : आमचा छोटा होमस्टे आहे. विहिरीवर एक एचपीचा सिंगल फेज पंप आणि गच्चीवर हजार लिटरची टाकी. ऊनो, एचसी-एसआर०४ सेन्सर आणि रिले मॉड्यूल घेऊन पंप आपोआप चालू-बंद करायचा आहे. रिलेवर १० अँपिअर लिहिले आहे, म्हणजे चालेल ना? – मालवण

उत्तर : नाही, त्या रिलेवर (बोर्डच्या सिग्नलने चालू-बंद होणाऱ्या स्विचवर) पंप थेट चालवू नका. ते १० अँपिअर बल्ब-हीटरसारख्या लोडसाठी आहेत. एक एचपीचा पंप चालताना साधारण ५ ते ७ अँपिअर घेतो, पण सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कित्येक पट खेचतो. त्या झटक्याने रिलेचे संपर्क वितळून एकमेकांना चिकटतात. मग प्रोग्राम ‘बंद’ म्हणतो, मॉड्यूलवरचा दिवाही विझतो, आणि पंप चालूच राहतो. मे महिन्यात विहिरीने तळ गाठलेला असताना असे झाले तर पंप कोरडा फिरून जळतो.

रिलेने फक्त कॉन्टॅक्टरची (मोटरसाठीच्या दणकट रिलेची) २३० व्होल्टची कॉइल चालू-बंद करायची आणि पंपाचा प्रवाह कॉन्टॅक्टरने सांभाळायचा. कॉन्टॅक्टर घेताना त्याचा एसी-३ म्हणजे मोटरसाठीचा आकडा बघा. तो पंपाच्या प्रवाहाच्या दीडपट तरी असावा. सध्याच्या स्टार्टरमधले ओव्हरलोड संरक्षण काढू नका. हा भाग परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. त्याबरोबरच ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि अर्थिंग मोजून घ्या. तुमच्या हातात फक्त ५ व्होल्टचा डबा राहील. २३० व्होल्ट आणि ५ व्होल्ट एकाच डब्यात कोंबू नका.

वायरमनला आणखी दोन गोष्टी सांगा. कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या दोन टोकांवर १०० ओहमचा रेझिस्टर आणि ०.१ मायक्रोफॅरडचा, २७५ व्होल्ट एसीचा एक्स२ वर्गातला कपॅसिटर एकापुढे एक असे जोडायचे. ते नसले तर कॉइल सुटताना उडणाऱ्या ठिणगीने ऊनो रिसेट होतो किंवा डिस्प्लेवर भलतीच अक्षरे येतात, आणि माणूस प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतो. दुसरी गोष्ट म्हणजे ऑटो–बंद–मॅन्युअल असा तीन जागांचा स्विच. ऐन हंगामात पाहुणे घरात असताना बोर्ड बंद पडला, तर पंप हाताने चालवता आला पाहिजे.

आता सेन्सर. एचसी-एसआर०४ (ध्वनीच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा सेन्सर) टाकीत लावू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे दोन्ही डोळे उघडे असतात, टाकीतल्या वाफेने आत पाणी धरते आणि ते गंजतात. शिवाय गच्चीपासून पंपघरापर्यंतच्या २०–२५ मीटर वायरीतून त्याचे सूक्ष्म सिग्नल नीट येत नाहीत. जेएसएन-एसआर०४टी हा एका डोळ्याचा जलरोधक सेन्सर त्यापेक्षा बरा, पण त्याला पहिल्या २० ते २५ सेंटिमीटरमधले काही दिसत नाही, म्हणून तो भरलेल्या पाण्याच्या पातळीपासून तेवढा उंच बसवावा लागतो. (प्रतिध्वनीचे मायक्रोसेकंद भागिले ५८ म्हणजे सेंटिमीटरमधले अंतर.) तुमच्या कामाला दोन फ्लोट स्विच (पाण्यावर तरंगून चालू-बंद होणारे) पुरेसे आहेत, एक खाली आणि एक वर. उघड्या तारा पाण्यात सोडून पातळी ओळखण्याची युक्ती टाळा. डीसी प्रवाहाने तारा खाल्ल्या जातात, आणि किनाऱ्यालगतच्या मचूळ पाण्यात तर फारच लवकर. लांब वायरीसाठी आतला पुलअप कमजोर पडतो. प्रत्येक फ्लोटच्या पिनपासून ५ व्होल्टला बाहेरून १ किलो-ओहम आणि पिनपासून ग्राउंडला ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा.

प्रोग्राममध्ये खालचा फ्लोट सुरू करील आणि वरचा बंद. एकाच फ्लोटवर दोन्ही कामे दिली तर पाण्याच्या लाटेबरोबर पंप चालू-बंद, चालू-बंद करत राहतो. टाकी भरायला नेहमी २५ मिनिटे लागत असतील तर ३५ मिनिटांची कमाल मर्यादा घाला. ती ओलांडली की पंप थांबावा आणि कोणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत पुन्हा सुरू होऊ नये. विहीर आटणे, फ्लोट अडकणे, पाइप निसटणे, या तिन्हींवर हा एकच उपाय चालतो. वीज गेली आणि आली की लगेच पंप लावू नका, व्होल्टेज स्थिरावायला तीन मिनिटे द्या. बरीचशी रिले मॉड्यूल ‘लो’ मिळाल्यावर चालू होतात. म्हणून सेटअपमध्ये आधी त्या पिनवर ‘हाय’ लिहा आणि मगच पिनमोड ‘आउटपुट’ करा, नाहीतर बोर्ड सुरू होताना पंपाला क्षणभर झटका बसतो.

टाकीकडून येणारी वायर प्लगने जोडलेली ठेवा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडाट सुरू झाला की प्लग काढून ठेवता येतो.

प्रश्न : हापूसच्या आढीत तीन ठिकाणी तापमान मोजायचे आहे. डीएस१८बी२० लावला, पण मध्येच ८५ किंवा उणे १२७ दाखवतो. आर्द्रतेसाठी डीएचटी११ घेतला, तो पावसाळी हवेत भरवशाचा वाटत नाही. – देवगड

उत्तर : ते दोन्ही आकडे म्हणजे तापमान नव्हे, सेन्सरने दिलेली तक्रार आहे. उणे १२७ म्हणजे सेन्सर सापडलाच नाही. वायर तुटली, सैल झाली किंवा पुलअप रेझिस्टर नाही. ८५ ही वीज मिळाल्याबरोबरची त्याची मूळ स्थिती. मापन पूर्ण होण्याआधी वाचले, किंवा मध्ये वीज डळमळली, की ती दिसते. सर्वाधिक अचूकतेत एका मापनाला ७५० मिलिसेकंद लागतात, तेवढे थांबा. डेटा आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये ४.७ किलो-ओहमचा रेझिस्टर हवाच. तिन्ही सेन्सर एकाच डेटा तारेवर चालतात, कारण प्रत्येकाला स्वतःचा ६४-बिट पत्ता असतो, आणि रेझिस्टर तिघांत मिळून एकच लागतो. स्टीलच्या नळीतला प्रकार घ्या, तो पेंढ्यात खोल खुपसता येतो. लावण्याआधी तिन्ही नळ्या एकाच पाण्याच्या भांड्यात दहा मिनिटे ठेवून आकडे ताडून बघा. अर्ध्या अंशापर्यंतचा फरक चालतो. कोणती नळी कुठल्या पत्त्याची ते चिकटपट्टीवर लिहून ठेवा. हे दोन्ही खोटे आकडे नोंदीत जाऊ न देणारी अट प्रोग्राममध्ये घाला, नाहीतर सरासरी फुकट जाते.

डीएचटी११ आपल्याकडच्या हवेसाठी नाही. त्याची चूक तापमानात २ अंश आणि आर्द्रतेत ५ टक्क्यांपर्यंत असते, आणि कोकणातल्या पावसाळ्याइतकी आर्द्रता त्याच्या मोजपट्टीत बसतच नाही. डीएचटी२२ घ्या आणि दोन सेकंदांतून एकदाच वाचा.

प्रश्न : बाहेर लावलेले सर्किट मेपर्यंत उत्तम चालले, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात बंद पडले. वाळवले की चालते, पुन्हा बंद. – रत्नागिरी

उत्तर : पाऊस आत शिरला असेलच असे नाही. खाऱ्या वाऱ्याने आणलेला मिठाचा अदृश्य थर बोर्डवर वर्षभर साचतो. कोरड्या हवेत तो गप्प असतो. जूनमध्ये ओल धरून तोच वीजवाहक होतो. मग शेजारच्या पिनांमध्ये गळती सुरू होते आणि डीसीवर तांबे हिरवे पडून झिजू लागते. सोल्डर केल्यावर न पुसलेला फ्लक्सही (सोल्डर नीट धरावे म्हणून वापरलेला राळेसारखा पदार्थ) हेच करतो.

वीज आणि बॅटरी काढा. ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल मऊ टूथब्रशवर घेऊन बोर्ड दोन्ही बाजूंनी घासा आणि पूर्ण सुकू द्या. ब्रेडबोर्ड असेल तर तो टेबलावरच राहू द्या, कायमचे सर्किट परफबोर्डवर (सोल्डर करायच्या छिद्रांच्या पाटीवर) सोल्डर करा. ब्रेडबोर्डच्या आतल्या स्प्रिंग पट्ट्या गंजल्या की त्यावर उपाय नाही. सोल्डर ६०/४० किंवा ६३/३७ (कथील/शिसे) चे घ्या. त्यात शिसे आहे, म्हणून खिडकी उघडी ठेवा आणि काम झाले की हात धुवा. चकचकीत, उतरत्या कडांचा सांधा चांगला. गोळा होऊन बसलेला सांधा पहिल्या ओलाव्याला दगा देतो.

साफ झालेल्या बोर्डवर कन्फॉर्मल कोटिंगचे (ओल रोखणाऱ्या वार्निशसारख्या लेपाचे) दोन पातळ हात द्या. कनेक्टर, बटणे, रिले आणि आर्द्रतेच्या सेन्सरचे तोंड आधी टेपने झाका. मातीतला ओलावा मोजणारा कपॅसिटिव्ह सेन्सर असेल तर त्याच्या कापलेल्या कडांना आणि वरच्या चिपलाही कोटिंग हवे, पाणी तिथूनच आत जाते.

डबा आयपी६५ चा (धूळ आणि पाण्याचा फवारा रोखणारा), सावलीत, उभा. वायरी खालच्या बाजूने केबल ग्लँडमधून (वायरीभोवती आवळून बसणाऱ्या बुचातून) आत घ्या आणि आत जाण्याआधी वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे पाणी झोळावरून टपकते. फटी बुजवायला सिलिकॉन घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन सुकताना आम्ल सोडते आणि तांबे खाते. ‘न्यूट्रल क्युअर’ लिहिलेलेच घ्या. डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा. न वापरलेले बोर्ड आणि सेन्सरही घट्ट झाकणाच्या डब्यात जेलबरोबरच ठेवा.

प्रश्न : ईएसपी३२ वर साधा प्रोग्राम चालतो, पण वाय-फाय सुरू केले की ‘ब्राउनआउट’ असे येऊन बोर्ड पुन्हा पुन्हा रिसेट होतो. दुसऱ्या खोलीतल्या राउटरचे नावच दिसत नाही. – वेंगुर्ला

उत्तर : ईएसपी३२ हा वाय-फाय असलेला मायक्रोकंट्रोलर. वाय-फाय सिग्नल सोडताना तो क्षणभर खूप प्रवाह खेचतो. बारीक, लांब केबलीवर तेवढ्यात व्होल्टेज पडते (हाच ब्राउनआउट) आणि चिप स्वतःला रिसेट करते. आखूड जाड केबल आणि किमान १ अँपिअरचा चांगला ५ व्होल्ट अडॅप्टर लावा. ५ व्होल्टच्या पिनपासून ग्राउंडला ४७० मायक्रोफॅरड, १० व्होल्टचा कपॅसिटर जोडा, पट्टी असलेला पाय ग्राउंडला. ब्राउनआउटची तपासणी प्रोग्राममधून बंद करण्याचा सल्ला इंटरनेटवर सापडतो, तो मानू नका. त्याने कारण तसेच राहते आणि नोंदी खराब होतात.

राउटर फक्त ५ गिगाहर्ट्झवर असेल. ईएसपी३२ ला २.४ गिगाहर्ट्झच दिसते, राउटरच्या सेटिंगमध्ये तो पट्टा चालू करा.

वाय-फाय चालू असताना एडीसी२ (ॲनालॉग व्होल्टेज मोजणाऱ्या दोन भागांपैकी दुसरा) गटातल्या पिनांवर ॲनालॉग वाचन होत नाही, म्हणून सेन्सर ३२ ते ३९ क्रमांकांच्या पिनांवर घ्या. त्यांपैकी ३४ ते ३९ फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुलअप नाही. सगळ्याच पिना ३.३ व्होल्टच्या आहेत. ५ व्होल्टचा सेन्सर जोडायचा असेल तर त्याच्या आउटपुटपासून १ किलो-ओहम, तिथून पिन, आणि पिनपासून ग्राउंडला २ किलो-ओहम (१ किलोचे दोन एकापुढे एक चालतील) अशी विभागणी करा. मल्टिमीटरवर ३.३ च्या आसपास दिसले की मगच पिनला लावा.